उत्तरार्धात ढेपाळतो

चित्रपट पाहून बाहेर पडल्याबरोबर तो आपल्याला आवडला की नाही हे ज्यांना स्वतःचं स्वतः सांगता येतं, अशा माणसांचा मला फार हेवा वाटतो. मला त्यासाठी परीक्षण लागतं. थिएटरच्या पायऱ्या उतरताना बायको विचारते, "कसा वाटला?" मी म्हणतो, "बघू." "आता आणखी काय बघायचंय? संपला की!" असं म्हणून ती रिक्षा शोधायला लागते. चित्रपट संपलेला असतो हे खरं. पण माझं मत क्लिअरिंगला गेलेलं असतं. ते वटून येईपर्यंत मी त्यावर कुणाला काही काढू देत नाही.

आमच्या बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. नावावरून त्यात खून, दरोडे, निदान एखादी गूढ किंकाळी तरी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात एखाद्या रकमेचं काय करायचं ते कळेनासं झालं की ती तात्पुरती या खात्यात टाकायची आणि संध्याकाळी बिनघोर घरी जायचं, एवढंच. माझी सगळी रसिकता गेली वीस वर्षं या खात्यात पडून आहे. व्याजसुद्धा लागत नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. रविवारी एक चित्रपट पाहिला होता आणि सोमवारी काउंटर उघडायच्या आधी मी तो उत्साहाने सांगत होतो. नायकाची आई कशी मरते, मग नायक कसा मारतो, सगळं हातवारे करून. आमचे पासिंग ऑफिसर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अहो, त्याला दोन तारे आहेत."

"कितीपैकी?" मी विचारलं.

"पाचपैकी."

मी मनात हिशेब केला. चाळीस टक्के. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंगमध्ये मला बरोबर चाळीस टक्के होते आणि घरात पेढे वाटले होते. पण ऑफिसरसाहेबांच्या चेहऱ्यावर पेढ्यांची छटा नव्हती. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी म्हणालो, "हां, म्हणजे तसा ठीकच होता." पाच मिनिटांपूर्वी ज्या आईसाठी माझा गळा दाटला होता, तिला मी भर शाखेत, चार शिपायांसमोर, ओळख दाखवली नाही. तेव्हापासून ठरवलं की आधी परीक्षण, मग मत.

परीक्षण लिहिणं ही मोठी अवघड विद्या असणार अशी माझी समजूत होती. वीस वर्षं नेमाने वाचल्यावर लक्षात आलं की हे आमच्या पैसे भरण्याच्या स्लिपसारखं आहे. मजकूर छापलेलाच असतो. नाव, तारीख आणि रक्कम तेवढी भरायची.

चित्रपट पौराणिक असो की पोलिसी, त्याचा पूर्वार्ध 'पकड घेतो' आणि उत्तरार्धात तो 'ढेपाळतो'. उलटं झालेलं माझ्या वाचनात नाही. पूर्वार्धात ढेपाळलेला चित्रपट उत्तरार्धात उठून बसला, तोंड धुतलं, चहा घेतला आणि कामाला लागला, असं कुणी लिहीत नाही. मग मध्यंतरात असं घडतं तरी काय? माझा एक संशय आहे. परीक्षकांसाठी जे खास खेळ होतात त्यांत मध्यंतराला काही खाण्याची सोय असते असं ऐकतो. पोटात दोन समोसे, वर थंडगार हवा, समोर अंधार आणि टेकायला मऊ खुर्ची. अशा परिस्थितीत ढेपाळतं ते नक्की कोण, याची एकदा खात्यामार्फत चौकशी व्हायला हवी.

त्यानंतर येते संकलकाची कात्री. ती 'आणखी चालायला हवी होती'. चित्रपट दीड तासाचा असला तरी चालायला हवी होती. छायाचित्रण 'नेत्रसुखद' असतं. पार्श्वसंगीत 'पूरक' असतं. पूरक म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा ऐकू आलं नाही असा अर्थ असावा. आपल्याकडे कोर्टात खटले वर्षानुवर्षं तुंबून राहतात, पण चित्रपटात दर शुक्रवारी डझनभर नट आपापल्या 'भूमिकेला न्याय देतात', तोही एका तारखेत. ज्यांना न्याय देता येत नाही त्यांना 'फारसा वाव नाही'. आणि चहा घेऊन येणारा एक पोरगा 'छोट्या भूमिकेतही लक्षात राहतो'. हा पोरगा नंतर कुठे जातो कोण जाणे. मला तरी तो कधीच लक्षात राहिलेला नाही.

सरतेशेवटी ते वाक्य येतं, 'एकदा बघायला हरकत नाही.' हे मला फार जवळचं वाटतं. कर्ज फिटलं की आम्ही खातेदाराला देतो ते ना-हरकत प्रमाणपत्र हेच. त्यात प्रेम नसतं, राग नसतं, जबाबदारी तर मुळीच नसते. खाली सही आणि शिक्का.

पण स्लिपसुद्धा हल्ली कोण वाचतं? लोक तारे मोजतात. या ताऱ्यांचं मूळ मी शोधून काढलं आहे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थिरर नावाच्या बाईंनी चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली. तेव्हा कमाल तारे तीनच होते आणि पहिल्याच चित्रपटाला बाईंनी एक दिला. मुहूर्तालाच असा हात आखडता! पुढे तीनाचे चार झाले, चाराचे पाच झाले. आमचा महागाई भत्तासुद्धा इतक्या सहज वाढत नाही.

त्यातून अर्धा तारा ही तर अफाट युक्ती आहे. दोन दिले तर निर्माता रागावणार, तीन दिले तर वाचक. म्हणून अडीच. आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण आले की लग्न जमतं. अडीच तारे म्हणजे बरोबर अठरा गुण. पुढे संसार कसा होतो ती जबाबदारी गुरुजींची नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की पूर्वीचे परीक्षक चांगले होते असं मी म्हणणार. पूर्वीचे निदान तिखट होते. बाबूराव पटेल या मराठी माणसाने १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं आणि पुढची पंचवीस वर्षं निर्मात्यांची झोप उडवली. त्यांच्याकडे तारे वगैरे नव्हते, शब्द पुरत. पण गंमत अशी की याच बाबूरावांनी स्वतः 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) असे चित्रपट काढले आणि त्यांची काही डाळ शिजली नाही. पोहणाऱ्यांना आयुष्यभर काठावरून सूचना करणाऱ्या माणसाने एकदा पाण्यात उडी मारून बघावी आणि पाण्याने आपली बाजू मांडावी, तसा हा प्रकार. आचार्य अत्रे मात्र दोन्हीकडे पोहले. परीक्षण लिहायचे तेही दणदणीत, आणि १९५३ साली 'श्यामची आई' काढून पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन आले. अत्र्यांना पाच तारे कुठून पुरायला! त्यांचं माप दहा हजार वर्षांचं असायचं. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही आणि पुढच्या दहा हजार वर्षांत होणार नाही, असं एकदा लिहिलं की वाचकाला निदान बाजू तरी कळायची.

परीक्षणामुळे माणसाच्या आयुष्याचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण मात्र आमच्या घरातच आहे.

'शोले' लागला १५ ऑगस्ट १९७५ला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा नुकतेच मुंबईत पोस्टात लागले होते. आई गिरगावातली. साखरपुडा झालेला होता आणि मोठ्यांच्या परवानगीने एक चित्रपट बघायची मुभा मिळाली होती. ठरलं होतं, 'मिनर्व्हा'त 'शोले'. आईने साडीसुद्धा काढून ठेवली होती. तेवढ्यात अण्णांनी पेपरात परीक्षण वाचलं.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण सुरुवातीला बहुतेक परीक्षकांनी 'शोले'ला मोडीत काढलं होतं. सगळं उसनं आहे, परदेशी घोडे आणि देशी माती यांचा मेळ बसत नाही, असा एकूण सूर. धंद्यातल्या जाणत्यांनीही मान हलवली होती. अण्णा पोस्टातले. छापील मजकुरावर त्यांचा विश्वास. त्यातून सत्तर एमएमच्या बाल्कनीचं तिकीट. "पेपरवाले नको म्हणतायत, मग पैसे पाण्यात कशाला घालायचे?" असा विचार करून ते आईला परीक्षकांनी एकमुखाने वाखाणलेल्या दुसऱ्या एका चित्रपटाला घेऊन गेले. त्याचं नाव आता दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. आईला एवढंच आठवायचं की त्यात एक बैलगाडी होती. ती पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघायची आणि उजव्या कोपऱ्यात दिसेनाशी व्हायची. दिसेनाशी झाल्यावरही दिग्दर्शक बराच वेळ रस्त्याकडे बघत राहायचा.

आईने हे पंचेचाळीस वर्षं विसरू दिलं नाही. फ्रीज कोणता घ्यायचा, माझ्या मुंजीला केटरर कोण, ब्लॉक तळमजल्यावर की तिसऱ्यावर, कोणत्याही चर्चेत अण्णांनी चार ठिकाणी चौकशी करून मत दिलं की आई म्हणायची, "ह्यांचं ऐकू नका. टांगा दाखवतो म्हणाले आणि बैलगाडी दाखवली." ती स्वतः नंतर बहिणींबरोबर तीनदा 'शोले' बघून आली. चित्रपट त्या थिएटरात पाच वर्षं चालला, तेव्हा सवड भरपूर होती. अण्णा मात्र गेले नाहीत. पुढे टीव्हीवर लागला तरी ते उठून गॅलरीत जायचे आणि कुंड्यांना पाणी घालायचे. आमच्या तुळशीने 'शोले'च्या पायी किती पाणी प्यायलं असेल त्याला गणती नाही.

परीक्षकांचंही पुढे काय झालं बघा. त्या वर्षीच्या फिल्मफेअरच्या पारितोषिकांत 'शोले'ला एकच मिळालं, तेही माधव शिंदे यांना, संकलनासाठी! सव्वातीन तासांचा चित्रपट आणि कौतुक कशाचं, तर कात्रीचं. मग २००५ साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरवलं. आमच्याकडे याला चूक दुरुस्तीची नोंद म्हणतात. ती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत करावी लागते. यांनी तीस वर्षं घेतली आणि कुणी मेमोसुद्धा दिला नाही.

दादा कोंडक्यांच्या बाबतीत तर दुरुस्तीचीही गरज पडली नाही. १९७१च्या 'सोंगाड्या'पासून पुढे परीक्षक नाकाला रुमाल लावत राहिले आणि दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सव करून गिनीजच्या पुस्तकात जाऊन बसले. परीक्षक लिहायचे की संवाद द्वयर्थी आहेत. लोक म्हणायचे, एका तिकिटात दोन अर्थ, वाईट काय आहे? माझ्या मते दोघांचंही खरं होतं, फक्त ते एकमेकांशी बोलत नव्हते.

आता पेपराची वाट बघावी लागत नाही. आमच्या शाखेतला नवा पोरगा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जातो आणि मध्यंतरात फोनवर परीक्षण टाकतो. उरलेला चित्रपट तो आपल्या परीक्षणावर कोण काय म्हणतंय ते वाचण्यात घालवतो. म्हणजे उत्तरार्ध ढेपाळतो हे त्याला न बघताच ठाऊक असतं. पूर्वीच्या परीक्षकांना निदान तेवढ्यासाठी तरी बसावं लागे. केरळात या फोनवाल्यांविरुद्ध २०२३ साली प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने मदतीला नेमलेल्या वकिलांनी पुढे असं सुचवलं की चित्रपट लागल्यापासून अठ्ठेचाळीस तास परीक्षण टाकू नये. निर्मात्यांची बाजू मला समजते. पण माझा विचार कुणी केला? अठ्ठेचाळीस तास स्वतःचं मत स्वतः सांभाळायचं म्हणजे काय थट्टा आहे?

इतकी टिंगल केल्यावर एका परीक्षणाचं ऋण कबूल करायला हवं. २०१५च्या एप्रिलमधली गोष्ट. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लागला होता. व्हेनिसला बक्षीस, आपल्याकडे सुवर्णकमळ. इतकी बक्षिसं पाहून मी सावध झालो. आमच्या घराण्यात बैलगाडीचा इतिहास आहे. पण एका मराठी पेपरात त्यावर लिहून आलं होतं. तारे नव्हते. पकड नव्हती, कात्री नव्हती. लिहिणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं की कोर्टाचं काम संपल्यावर ही माणसं घरी जाऊन काय करतात ते बघा. सरकारी वकीलबाई लोकलमध्ये काय बोलतात ते ऐका. न्यायाधीशमहाराज सुट्टीत कसे वागतात तिकडे लक्ष ठेवा.

गेलो. थिएटरात मोजून अकरा माणसं होती, त्यांत आम्ही दोघं. पडद्यावर एक म्हातारा लोकशाहीर उभा होता. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला असा त्याच्यावर आरोप, आणि कामकाज कसं? कागद वाचायचा, नोंदवून घ्यायचा, पुढची तारीख. एका बाईने बिनबाह्यांचा ब्लाउज घातला म्हणून तिचं काम ऐकायलाच नकार. कुणी दुष्ट नाही. कुणी ओरडत नाही. सगळे आपापलं काम नियमाप्रमाणे करतायत आणि म्हातारा तुरुंगात. मला खुर्चीत बसवेना. कारण हा कोर्टरूम नव्हताच, आमचा काउंटर होता. "हा फॉर्म चालणार नाही, सोमवारी या," असं मी त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंना अगदी याच आवाजात सांगितलं होतं. नियमाप्रमाणेच सांगितलं होतं. बायको मात्र वेगळंच बघत होती. वकीलबाई दिवसभर कोर्टात भांडून, गर्दीतून घरी येऊन स्वयंपाकाला लागली तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "हिला किती तारे देतात हो?"

तो परीक्षक नसता तर मी त्या वाटेला गेलो नसतो. त्याने केलं ते आमच्याकडे येणारे ऑडिटर करतात तेच. हे ऑडिटर म्हणजे लेखापरीक्षक, आडनाव तेच, घराणं वेगळं. माणूस त्रासदायक असतो, चहा दोनदा मागतो, पण 'तुमच्या शाखेला अडीच तारे' असं लिहून जात नाही. अमुक रजिस्टर, अमुक पान, तिसरी ओळ, इथे बोट ठेवून बघा, असं सांगतो. बघितल्यावर मान्य करायचं की भांडायचं ते आपण ठरवायचं. परीक्षकांकडे माझं मागणं एवढंच आहे. शेवटची शिल्लक सांगून पासबुक मिटू नका, मधल्या नोंदी दाखवा. शिल्लक माझी मी काढीन. बी.कॉम. आहे.

म्हणजे असं मला आज वाटतं. वेळेवर वाटलं असतं तर बरं झालं असतं.

आई जाऊन चार वर्षं होत आली होती. अण्णा तसे ठीक होते. जेवायचे, फिरायला जायचे, पण घरात हसण्याचा आवाज नव्हता. २०२५च्या जूनमध्ये एका रविवारी मी त्यांना जबरदस्तीने चित्रपटाला नेलं. साधा मराठी कौटुंबिक विनोदी चित्रपट होता. त्यात एक निवृत्त म्हातारा हयातीचा दाखला द्यायला ऑफिसात जातो आणि मशिनवर त्याचा अंगठा काही केल्या उमटत नाही. म्हणून तो जिवंत आहे हे कुणी मान्य करत नाही. मग तो आपण जिवंत असल्याचे साक्षीदार गोळा करत गावभर फिरतो. अण्णा पेन्शनर. पहिल्यांदा ते नाकातून हसले, मग तोंडाने, मग खुर्चीचा दांडा धरून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून बघितलं आणि तीही हसायला लागली.

मध्यंतर झालं. दिवे लागले. अण्णा रुमालाने चष्मा पुसत होते. मी सकाळी परीक्षण वाचलेलं होतं. दोन तारे. हातात सोन्याच्या भावाचे पॉपकॉर्न होते आणि तोंडात अक्कल. मी म्हणालो, "आता बघा, ढेपाळतो."

"कोण?" अण्णांनी विचारलं.

"चित्रपट. उत्तरार्धात. सगळ्यांनी लिहिलंय."

अण्णा काही बोलले नाहीत. दिवे गेले. चित्रपट चालूच होता. मला विचाराल तर ढेपाळला वगैरे नाही. पण अण्णा आता हसायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचे. ऑफिसरची सही झाल्याशिवाय कॅशियर जशी नोट पुढे सरकवत नाही, तसे. मी सही करायच्या आत विनोद निघून जायचा. नंतर नंतर त्यांनी बघणंही सोडलं आणि नुसते समोर पाहत बसले.

परत येताना रिक्षात पाऊस आत येत होता. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "तुला सकाळीच ठाऊक होतं?"

"काय?"

"बरा नाही म्हणून. मग मला एवढं हसू कशाला दिलंस?"

या प्रश्नावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. मी रिक्षाचा पडदा ओढायला लागलो. तो नेहमीप्रमाणे अर्धाच आला.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा अण्णा बाहेर बघत म्हणाले, "ती बैलगाडी होती ना, ती मला आवडली होती. तुझ्या आईला सांगायचं धाडस झालं नाही कधी. गाडीमागे एक पोरगं धावत असतं. पार लांब जाईपर्यंत धावतं. आणि मग थांबतं, आणि चड्डी वर ओढतं." ते जरासे हसले. "पेपरात त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं हो. ते माझं मी बघितलं."

पन्नास वर्षांनी मला कुणीतरी त्या चित्रपटाचं परीक्षण सांगत होतं. मी पुरता भिजलो होतो, पण म्हटलं आणखी सांगा. त्यांना आणखी आठवत नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात 'शोले' पुन्हा थिएटरात लागला. स्वच्छ केलेला, आणि सेन्सॉरने तेव्हा बदलायला लावलेला मूळ शेवट परत जोडलेला. मी बँकेतून येताना ठरवूनच आलो. अण्णा गॅलरीत कुंड्यांपाशी होते.

"अण्णा, 'शोले' लागलाय. जाऊ या?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "पेपरवाले काय म्हणतात?"

"वाचलं नाही मी."

अण्णांनी तुळशीची दोन पिवळी पानं खुडली, जरा वेळ हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "काढ तिकिटं. तीन काढ. सूनबाईला घे बरोबर. नाहीतर पुढची पन्नास वर्षं ऐकत बसशील."